शेरूले कोन पाहीन?

माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एक कुत्रं दिवसभर रडत असतं. भुंकत नाही, रडतं. सकाळी नवरा-बायको दोघंही कामावर निघाले, लिफ्टचं दार लागलं की त्याचा सूर सुरू होतो आणि दुपारपर्यंत इतका बारीक होत जातो की कूलरच्या घरघरीतूनही मला तो वेगळा ऐकू येतो. मागच्या महिन्यात एका रविवारी मी जिना चढून वर गेले. पोरगी गोड होती. पाणी दिलं, "आजी, बसा ना" म्हणाली. मी बसले नाही. "दिवसभर घरी कोन असते?" एवढंच विचारलं. ती हसली. "कॅमेरा लावलाय ना आजी. आम्ही ऑफिसातून मोबाईलवर बघतो त्याला." मी म्हटलं, "अन् तो तुमाले कशात पाहते?" तिचा नवरा आतून आला, त्यानं मला नमस्कार केला आणि अगदी सभ्यपणे दार लावून घेतलं. आता लिफ्टमध्ये भेटलो की दोघंही आकडे मोजल्यासारखे बटणांकडे बघत राहतात. डॉक्टर मला म्हणतात, मॅडम, या वयात चिडू नका. अमरावतीत तीस-पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला हे सांगणं सोपं आहे. हा राग त्या पोरांवरचा नाही, हे मला कळतं. तो अकोल्याचा आहे, मी नववीत होते तेव्हाचा, आणि माझ्या बापावरचा आहे. बाप जाऊन बरीच वर्षं झाली. राग गेला नाही.

आमच्या घरात तेव्हा तीनच माणसं होती. ताई लग्न होऊन चांदूर बाजारला गेली होती. बाबा धरणा-कालव्यांच्या कामांवर ओव्हरसियर होते. दारात जीप आली की ते जात आणि कधी दुसऱ्या, कधी चौथ्या दिवशी धुळीनं भुवया पांढऱ्या करून परत येत. माय सरकारी दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रपाळी. त्यामुळे आमच्याकडे जेवायची अशी वेळच नव्हती. ज्याला भूक लागेल त्यानं जाळीच्या कपाटातून ज्वारीची भाकर काढायची, तुरीचं वरण गरम करायचं, कांदा बुक्कीनं फोडायचा आणि ओट्याशीच बसून खायचं. घराची किल्ली माझ्या गळ्यात असे, दोऱ्यात ओवलेली. आमच्या घराचे आवाज म्हणून मला आठवतो तो स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, त्यामागून मायच्या भाकरी थापण्याचा, आणि दूरवर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचा भोंगा झाला की तिची सुरू होणारी धावपळ. भाकर तव्यावर, पांढऱ्या साडीच्या निऱ्या एका हातात, दुसऱ्या हातानं माझी वेणी. मग कडी, कुलूप, आणि तिच्या चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या घरात काहीच वाजत नसे.

घर नवं होतं. गावाच्या कडेला, काळ्या मातीत नव्यानं पडलेल्या प्लॉटांमध्ये. पण बाबांचा जीव घरापेक्षा फाटकात जास्त. लोखंडी फाटक, हिरवा ऑइलपेंट, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव. दौऱ्यावरून आले की ते आधी रस्त्यावर उभे राहून फाटकाकडे बघत आणि मग आत येत. आमच्या आजोबांचं घर अकोटजवळच्या एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. कुडाच्या भिंती, पुढे अंगणाची जागा. फाटक ही वस्तूच त्या घराला माहीत नव्हती. हे मला आता सुचतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसायचं, की पंख्याची एक पाती कधीपासून वाकडी आहे, मोरीचं पाणी तुंबतं, आणि हा माणूस फाटकाला रंग देत बसला आहे.

असेच एकदा बाबा अमरावतीहून आले आणि जीपमधून एक खाकी पिशवी घेऊन उतरले. पिशवी हलत होती. तिथल्या एका ठेकेदाराच्या बंगल्यावर कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक. काळं-पिवळं, पोट टम्म, एक कान उभा आणि एक पडलेला. बाबांनी ते ओसरीवर ठेवलं तर ते तिथंच मुतलं.

माय रात्रपाळी करून नुकती उठली होती. "हे काय आनलं?"

"अल्सेशियन हाय. ओरिजनल."

"ते दिसून राह्यलं मले. याले पाहीन कोन?"

"कुत्र्याले काय पाहा लागते? तेच आपल्याले पाहीन."

"अवो, मी ड्यूटीवर, तुमी साइटवर, पोट्टी शाळेत. दिवसभर घराले कुलूप. ते कोनाले पाहीन? कुलपाले?"

"म्हनूनच त आनलं," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्यांच्यापुरता विषय संपला होता. माय तिथंच उभी राहिली. मग तिनं खराटा घेतला, बादली आणली आणि ओसरी धुतली. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. हे मी लपवत नाही, चौदा वर्षांची पोरगी आणखी काय म्हणणार? पण विचारलं नाही, ना मला, ना तिला.

नाव बाबांनीच ठेवलं, शेरू. तो वाढला तसे त्याच्यासाठी कायदेही वाढले. त्याचा लाड करायचा नाही, लाडानं कुत्रं बिघडते. रस्त्यावर फिरवायचं नाही, लोकाईची ओळख झाली की भुंकत नाही. आल्यागेल्यानं हात लावायचा नाही. फाटकाच्या खांबाला एक कडी ठोकली, त्या कडीला साखळी, साखळीला शेरू. साहेबलोकांच्या बंगल्यांवर असंच असतं, असं त्यांना ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं होतं. तोच माणूस म्हणाला होता की हिरवी मिरची चारली की कुत्रं तापट होतं. बाबांनी एकदा भाकरीत मिरची कुस्करून आणली. मायनं ती ताटली त्यांच्या हातातून घेतली आणि सरळ नालीत फेकली. ती चिडली की बोलत नसे. ती साठवत असे.

बाबा दौऱ्यावर असले की मी शेरूला सोडायची. आता तो धावेल, बागडेल, माझ्या मागं मागं येईल असं मला वाटे. पहिल्या वेळी साखळी काढली तर तो धावला खरा, पण साखळी जिथवर पोचायची तिथं येऊन आपोआप थांबला. गळ्यात काही नव्हतं तरी थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी पुढं जाऊन टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या, शेवटी खाली बसून त्याला कवेत धरून ओढत अंगणातल्या चिंचेपर्यंत नेलं. त्या दिवशी मी बापाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या मला कुठून येत होत्या कोण जाणे. शाळेत तर शिकवल्या नव्हत्या.

उन्हाळ्यात अकोल्याचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमचं फाटक पश्चिमेला. दुपारी दोनपासून फाटकाला हात लावला तर भाजायचं. त्याच खांबाशी तो. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भगुण्यात त्याचं पाणी, ते पाणी चहाला ठेवल्यासारखं कढत. मी पोतं भिजवून त्याच्यावर टाकायची, ते अर्ध्या तासात कडक व्हायचं. एक पत्रा आडवा बांधला तर बाबांनी आल्या आल्या काढून टाकला, कारण रस्त्यावरून कुत्रं दिसत नव्हतं. माय म्हणायची, "मले त्याच्याशी घेनंदेनं नाई." पण साखळीनं त्याच्या गळ्यावर जखम झाली तेव्हा दवाखान्यातून आल्यावर, साडीसुद्धा न बदलता, ती त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि मलम लावलं. लावता लावता पुटपुटत होती, "भोग रे बाबा. तुही अन् माही एकच गत."

वरच्या मजल्यावरच्या पोरीनं मला सांगितलं होतं, "आजी, आमचं खूप प्रेम आहे हो त्याच्यावर." असेल. माझंही होतं. प्रेम हा प्रश्नच नव्हता कधी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कोण आहे, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रेम हे नाही. हे तिला सांगायला मी जिने चढून गेले होते. सांगायचं राहूनच गेलं.

मे महिन्यात ते घडलं. शाळेला सुट्ट्या. माय रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेली. बाबा गावातच, ऑफिसात. काही दिवसांपूर्वी पलीकडच्या प्लॉटावरून लोखंडी सळया चोरीला गेल्या होत्या, म्हणून बाबांनी साखळी लांब केली होती, थेट फाटकाच्या दुसऱ्या खांबापर्यंत पोचेल अशी. दुपारी अकोटच्या एसटीनं मोठेबाबा आले. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गोविंदा. दोन एकर वावर आणि उरलेला वेळ मजुरी. वर्षातून एकदा ते न कळवता यायचे. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पिशवी, पिशवीत मोठ्याईनं, त्यांच्या बायकोनं, केलेल्या कुरड्या, मुगाच्या वड्या आणि पाडाला लागलेले आंबे. फाटक वाजवणं वगैरे त्यांना ठाऊक नव्हतं. भावाचं घर. त्यांनी कडी काढली आणि पाऊल आत टाकलं.

मला आधी साखळीचा आवाज आला, मग माणसाचा. मी बाहेर आले तेव्हा मोठेबाबा पाठीवर पडले होते आणि शेरूनं त्यांचा कोपराखालचा हात धरला होता. आंबे फाटकापासून रस्त्यापर्यंत गडगडत गेले होते. मी साखळी दोन्ही हातांनी ओढली. तो नेहमी माझं ऐकायचा, त्या वेळी ऐकलं नाही. मी त्याच्या मानेला मिठी मारून लटकले तेव्हा सुटला. सुटला आणि माझ्या पायाशी येऊन बसला, शेपटी हलवत, शाबासकीची वाट बघत. त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं होतं. त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही.

माय धावत आली. तिनं एकही शब्द वाया घालवला नाही. मोठेबाबांना मोरीवर नेलं, साबण लावून लावून जखम धुतली, ते कण्हत राहिले, ही धूतच राहिली. मग पट्टी बांधून ओसरीवर बसवलं, साखरपाणी दिलं. मला म्हणाली, "जाय, बापाले बलाव." मी अनवाणी गेले. परत येताना बाबांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसले होते, आणि सगळा रस्ता ते एकच विचारत होते, "आत आलाच कसा तो? हाक काहून नाई मारली त्यानं?"

घरात शिरल्यावर त्यांनी भावाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातली काठी उचलून फाटकाकडे गेले. पहिला तडाखा शेरूच्या पाठीवर बसला. दुसरा बसायच्या आत मी मधे उभी होते.

"बाजूले हो, शोभे."

"नाई होत. मले मारा."

"बाजूले हो म्हनतो ना!"

"त्यानं नाई चावलं. तुमी चाववलं! तुमीच बांधलं, तुमीच साखळी लांब केली, तुमीच कोनाले हात लावू देल्ला नाई. आता त्याले मारता? सोताच्या पाठीत घाला ते काठी!"

बापाशी असं बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. कोणाकडेच नव्हती. काठी वर होती. ती माझ्यावर आली असती, मला खात्री आहे. तेवढ्यात ओसरीवरून मोठेबाबा बाबांना म्हणाले, अगदी हळू.

"शामा, राहू दे. पाटलाच्या कुत्र्यानं मले कधी चावलं नोतं रे. तुले चावलं होतं, लहानपनी, मी तुले खांद्यावर घेऊन घरी आनलं होतं. मले नाई चावलं. मले तुह्या दारात चावा लागलं."

बाबांच्या पोटरीवर दोन खोल खड्डे होते. आम्ही विचारलं की ते म्हणायचे, काटेरी तार लागली होती. पाटलाच्या दाराशी हा सात-आठ वर्षांचा पोरगा उभा असताना ओसरीवरच्या कोणीतरी गंमत म्हणून कुत्र्याला 'छू' म्हटलं होतं, हे मला त्या दिवशी मोठेबाबांकडून कळलं. लोक म्हणतात, कारण कळलं की राग निवतो. माझा वाढला. आतापर्यंत मी एका हट्टी माणसावर चिडत होते, ते सोपं होतं. आता त्या माणसाच्या आत मला एक पोरगा दिसायला लागला, रक्ताळल्या पायाचा, आणि त्याच्यावर चिडता येईना. ज्यांनी त्याला चाववलं ते कधीच मेले होते. मग मी चिडायचं कोणावर? आणि तरी शेरूच्या पाठीवर वळ उठला होता तो त्याच हातानं. कुत्रं चावल्यावर काय वाटतं हे ज्याला ठाऊक, त्यानंच दाराशी कुत्रं बांधावं? मी अजूनही हे दोन्ही एका ठिकाणी ठेवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. बाबांनी ड्रायव्हरला सांगितलं होतं, अकोटच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याशी न्या आणि सोडून द्या. शेरूला पोत्यात घालायचं चाललं होतं. मी जाऊन जीपमध्ये बसले. "मलेबी सोडून द्या तती," म्हटलं. बाबा मला दंडाला धरून ओढत होते, मी सीटचा दांडा धरून होते, शेजारपाजारचे बघत होते. तेव्हा माय बाहेर आली, ड्यूटीच्या साडीत, केसांत पिना लावत.

"कुत्रं कुठीच जानार नाई," ती ड्रायव्हरला म्हणाली. बाबांना नाही, ड्रायव्हरला. मग बाबांकडे वळली. "भाऊजीले पोटात सुया टोचाव्या लागून राहिल्या. कुत्र्यावर दहा दिवस ध्यान ठेवा लागते. ते जगलं त भाऊजीले धोका नाई. तुमी त्याले जंगलात सोडान, मंग मी भाऊजीच्या बायकोले काय सांगू? कुत्रं मेलं का जगलं, मले ठाऊक नाई असं?"

बाबांनी माझा दंड सोडला. जीप रिकामी गेली.

मोठेबाबा आमच्याकडेच राहिले. रोज सकाळी मायबरोबर दवाखान्यात जायचे, पोट धरून परत यायचे आणि दिवसभर ओसरीवर बाजेवर पडायचे. शेरूला मायनं फाटकावरून काढून अंगणातल्या चिंचेखाली बांधलं, सावलीत, ओसरीवरून दिसेल असं. मोठेबाबांना त्याची भयंकर भीती बसली होती. ते त्याच्या वाटेलाही जायचे नाहीत. नुसते बाजेवरून शिव्या द्यायचे. "हरामखोरा, काय पाह्यतं माह्याकडे? डोये फोडीन तुहे! झोप तती!" सकाळी शिव्या, दुपारी शिव्या, चहा पिताना शिव्या. आणि शेरू? तो पहिल्यांदाच निवांत झोपायला लागला. रस्त्यानं कोणी गेलं तर एक डोळा उघडायचा, मोठेबाबांची शिवी ऐकायची, शेपटी दोनदा जमिनीवर आपटायची आणि पुन्हा झोपायचा. घरात दिवसभर एक माणूस होतं, त्याच्याशी बोलत होतं. काय बोलत होतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मी हे पाहिलं. मायनंही पाहिलं.

इंजेक्शनं संपली, कुत्रं धडधाकट होतं, मोठेबाबा अकोटच्या गाडीत बसून गेले. त्या दिवशी घराला पुन्हा कुलूप लागलं आणि मी शिवणाच्या क्लासवरून परत आले तेव्हा शेरू रडत होता. भुंकत नव्हता. चिंचेच्या बुंध्याशी त्यानं मातीत हातभर खड्डा उकरला होता.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो तेव्हा माय बोलली. साठवलेलं सगळं बोलली. "अमरावतीले आमच्या जुन्या मेट्रनबाई हायेत. रिटायर झाल्या, वलगाव रोडले घर हाय, अंगन हाय, दिवसभर घरीच असतात. मी त्याईले विचारलं. त्या हो म्हनल्या. शेरू ततीच जाईन."

"माहं कुत्रं हाय ते," बाबा म्हणाले.

"नाई, माहं हाय!" मी म्हटलं. "मी करते त्याचं सारं! मी पाहीन त्याले!"

मायनं घास खाली ठेवला. "तुमी दोघंबी 'माहं माहं' करता. त्याची उलटी कोन पुसते? जखम कोन धुते? अन् शोभे, तू पाहीन म्हनते. शाया सुरू झाली की तू दहाले जाशीन, साडेपाचले येशीन. मंग कॉलेज, मंग नोकरी, मंग सासर. ते कोनाच्या भरवशावर राहीन? मी दोन पाळ्या करून माह्या लेकरालेच पाहू शकत नाई व. त्याले काय पाहू? आपल्या घराले कुत्रं सोसत नाई. वाईट मानसं नाई आपन. आपल्या घरी मानूसच नाई."

मी ताट सरकवून उठले. माझा राग आता तिच्यावरही होता, कारण ती खरं बोलत होती आणि त्या खऱ्यात माझ्यासाठी काहीच शिल्लक नव्हतं. चूक बापानं करायची, निस्तरायची आईनं, आणि हातचं जायचं माझ्या.

अमरावतीला बाबाच घेऊन गेले. मायला सुट्टी मिळाली नाही. जीपमध्ये मागं मी आणि शेरू, पुढं बाबा. बडनेऱ्यापर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मेट्रनबाई उंच, सडपातळ, चष्म्याआडून रोखून बघणाऱ्या. त्यांनी आम्हाला बसवलं, सरबत दिलं आणि बाबांना एकेक विचारायला लागल्या. काय खातो? बाबा म्हणाले, सगळंच खाते. सगळं म्हणजे काय? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. मुद्दाम. कशाला घाबरतो? कशालेच नाई. झोपतो कुठं? बाबा पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या, आणि मी सगळं सांगितलं, मोठ्यानं, बापाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. भाकर ताकात कुस्करून लागते. वरण नाही चालत, उलटी होते. फटाक्यांना घाबरतो, केरसुणीला घाबरतो, काठीला घाबरतो. डाव्या कानामागं खाजवलं की पाय हलवतो. डाव्याच, उजव्या नाही. अंगणात सोडलं की आधी चारच पावलं जाईल, मग थांबेल. तेव्हा ओरडू नका, त्याला वेळ लागतो. बाबा ग्लासाकडे बघत बसले होते. निघताना त्यांनी शेरूच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढं केला आणि कुठं ठेवायचा ते न कळून मागं घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटी एसटीनं त्याला भेटायला गेले. तो अंगणभर हिंडत होता, गुबगुबीत झाला होता. मला पाहून धावत आला, हुंगलं, हात चाटले, दोन गिरक्या घेतल्या आणि परत जाऊन मेट्रनबाईंच्या खुर्चीखाली आडवा झाला. सगळं नीट झालं होतं. अकोल्यापर्यंत मी खिडकीला डोकं टेकून रडले, आणि त्या रडण्यात आनंदाचा भाग फार थोडा होता.

बाबांनी त्याचं नाव पुन्हा काढलं ते थेट म्हातारपणी. माय गेली होती. ते अकोल्याच्या घरात एकटे राहायचे, मी अमरावतीहून शनिवारी जायची. एकदा जेवता जेवता म्हणाले, "शोभे, एक कुत्रं आनू काय व? आता मी दिवसभर घरीच असतो."

मी पोळपाटावरचं लाटणं थांबवलं. मी काय करते आहे ते मला कळत होतं, तरी केलं. सकाळी फिरवायला कोण नेईल? त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. आंघोळ कोण घालेल? मोलकरणीला कुत्र्याची भीती वाटते ना? तुम्ही दवाखान्यात भरती झालात तर त्याला कोण बघेल? मी तर अमरावतीत. प्रत्येक प्रश्नावर ते खरंच विचार करत होते, शाळकरी पोरासारखा. मग त्यांनीच मला विचारलं, "तो मले ओळखे काय व? शेरू?"

मला खोटं बोलता आलं असतं. ऐंशीच्या घरातला माणूस, समोर ताट. पण मी म्हटलं, "तुमच्या जीपचा आवाज ओळखे. आवाज आला की थरथरत भिंतीले चिकटून बसे."

बाबांनी मान हलवली. "मंग नाई आनत," म्हणाले, आणि वरणात पोळी चुरायला लागले. त्या घरात कुत्र्याबद्दल काहीतरी पहिल्यांदाच कोणाला विचारून ठरलं होतं. मी उठले आणि त्यांना आणखी वरण वाढलं. रागातच वाढलं. पण वर तूप घातलं.